भिंतीकडे तोंड

"दीवार की तरफ मुँह."

दुपारची जेवणं सुरू व्हायच्या आधी हॉटेलचा मॅनेजर एवढंच म्हणायचा. आम्ही चौघी स्वयंपाकघरामागच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून उभ्या राहायचो. मग तो मागून सावकाश चालत यायचा आणि आमच्या पाठी तपासायचा. आमच्या अंगात राजस्थानी कांचळी, पुढून ब्लाऊजसारखी, मागे नुसत्या दोऱ्या. बाकी पाठ उघडी. गाठ नीट बसली आहे का, दोऱ्यांचे गोंडे मधोमध लोंबताहेत का, ते तो बघायचा. बोट लावायचा नाही. खिशातलं बॉलपेन काढायचा आणि त्याच्या टोकानं गोंडा सरळ करायचा. पेननं केलं म्हणजे सभ्यपणा झाला, अशी त्याची समजूत होती.

पेन थंड असायचं. अजून आठवतं.

त्याच वेळी अंगणातून अपर्णा जायची. काउंटरवर बसणारी. चहा घ्यायला यायची. गडद निळी रेशमी साडी, कोपरापर्यंत बाह्या, खांद्यावर पिन लावलेला पदर. मला ती दिसायची नाही. माझ्यासमोर चुन्याची भिंत. मी तिच्या चपलांचा आवाज ऐकायचे आणि जळायचे. हेवा. दुसरा शब्द नाही त्याला. तिच्या पगाराचा नाही, गोऱ्या रंगाचा नाही. त्या पिनेचा. तिला पदर मिळाला होता, आणि तो घसरू नये म्हणून वर पिनही मिळाली होती.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. जयपुरात परदेशी पाहुण्यांची रीघ लागली होती, आणि बनी पार्क वस्तीत एका ठाकुराच्या जुन्या बंगल्याचं हॉटेल झालं होतं. माझे वडील लष्करात स्वयंपाकी. बदली होऊन इथं आले. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. आमच्या घरात भिंतीवर एकच तसबीर होती, निळ्या कोटातली. ज्याला कळायचं त्याला कळतं.

अपर्णाही मराठी. तिचे वडील विमा कंपनीत मोठे अधिकारी. शहरातल्या मराठी लोकांचं मंडळ होतं, तिथं गणपतीत आम्ही भेटायचो. भेटायचो कसलं, एका मांडवात असायचो. अधिकाऱ्यांची घरं पुढच्या खुर्च्यांवर, लष्करातले शिपाई, स्वयंपाकी मागं सतरंजीवर. असा नियम कुणी केला नव्हता. पण सगळ्यांना पाठ होता. अपर्णा पुढं जाऊन श्लोक म्हणायची आणि मी मागून तिच्या वेणीतला गजरा बघायचे. हेव्याची शाळा माझी तिथंच झाली. सगळी मुलं तिच्या वडिलांना काका म्हणायची. मला माझ्या वडिलांनी बजावलं होतं, साहेब म्हणायचं.

हॉटेलात नोकरी मागायला मी काउंटरसाठीच गेले होते. कॉलेजची दोन वर्षं झाली होती, हिंदी-इंग्रजी येत होतं. मॅनेजरनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "तुम डाइनिंग में ठीक रहोगी." काउंटर आठवड्याभरानं अपर्णाला मिळालं. पहिल्याच दिवशी तिनं मला जिन्याखाली गाठलं.

"आपण इथं मराठीत नको बोलूया हं," ती म्हणाली. "उगाच लोक विचारतील, कशा ओळखता म्हणून."

मी मान हलवली. त्यामुळं मी मराठी आहे, हे त्या हॉटेलात कुणालाच ठाऊक नव्हतं.

सुरुवातीला आम्हाला ओढणी होती. पाहुण्यांसमोर चुलीवर बाजरीच्या भाकऱ्या करणारी आमच्यातली केसरबाई जयपूरजवळच्या बगरूची. तिच्या घरी ठशांनी कापड छापायचं काम पिढ्यान् पिढ्या चाललेलं. ती म्हणायची, "म्हारे गाँव में ओढणी बिना लुगाई कुएँ पर भी कोनी जावै." ओढणीवाचून बाई विहिरीवरही जात नाही. म्हणजे कांचळी तिच्या गावची खरी, पण वर ओढणी असते म्हणूनच पाठीला नुसत्या दोऱ्या चालतात. हे तिच्या गावचं शेंबडं पोरही सांगेल.

मग एका दुपारी सुगनाच्या घागऱ्यानं पेट घेतला. सुगना आमच्यातली सगळ्यांत लहान, नुकतं लग्न झालेली. हंड्या गरम राहाव्यात म्हणून खाली स्पिरिटचे दिवे ठेवायचे. घागऱ्याचा घेर एवढा मोठा की दोन टेबलांमधून जाताना दोन्हीकडं घासायचा. एक दिवा कलंडला. सुगना किंचाळली. केसरबाईनं डोक्यावरची ओढणी ओढली, पाण्याच्या माठात बुचकळली आणि सुगनाच्या पायांवर दाबून धरली. पोटरी भाजली, पण पोर वाचली.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं ओढण्या काढून घेतल्या. "ओढ़नी आग पकड़ती है. सेफ्टी का सवाल है," म्हणाला.

आग धरली घागऱ्यानं. विझवली ओढणीनं. बंद झाली ओढणी. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणखी काय. घागरा तेवढाच घेरदार राहिला, दिवे तिथंच राहिले. पाठ तेवढी मोकळी झाली आणि पाहुण्यांचे कॅमेरे मागून चालू झाले. हॉटेलच्या गाद्यांचा विमा होता, पडद्यांचा होता. अपर्णाच्या वडिलांच्याच ऑफिसातून काढलेला. सुगनाच्या पोटरीचा नव्हता.

आणि तो रविवार आला. अपर्णाच्या वडिलांना बढती मिळाली होती, पुण्याला बदली झाली होती. ऑफिसातल्या मराठी मंडळींनी हॉटेलात त्यांना जेवण ठेवलं. आपल्या पद्धतीप्रमाणं शाल-श्रीफळ. नारळ टेबलावर, शाल त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकलेली. तपकिरी, जरीच्या काठाची.

परमुलुखात राहिलं की आपल्या माणसांना एक खोड लागते. भाजीवाल्यासमोर त्याच्या वांग्यांना नावं ठेवायची, मराठीत. शेजारणीसमोर तिच्याच सुनेचा विषय काढायचा, मराठीत. समोरच्याला काय कळतंय. माझी आईसुद्धा हेच करायची. मराठी म्हणजे जणू कडी लावलेली खोली, आत काहीही बोला.

त्या दिवशी त्या खोलीत मी होते. कपाळावर बोर नावाचा तिकडचा दागिना, अंगात घागरा, डोळ्यांत काजळ. मंडळात मला इतकी वर्षं बघूनही त्यांनी ओळखलं नाही. पण बघितलं कधी होतं?

"काय पाठ आहे हो," एक जण म्हणाला. माझ्यासमोरच. ताटात चटणी वाढून घेत.

"या बायकांना लाज म्हणून नसतेच," दुसरा म्हणाला. त्यानं पोटावर हात ठेवून ढेकर दिला.

तेव्हा अपर्णाचे वडील हसून म्हणाले, "आमची अपर्णा इथंच आहे की. पण काउंटरवर. मी मॅनेजरला आधीच सांगून ठेवलं होतं, असले कपडे आमच्या मुलीला चालायचे नाहीत. आपल्या घरातल्या मुली आहेत शेवटी."

मी वाढत होते. हात थांबला नाही. पण ते ऐकलं आणि एवढे दिवस मी का जळत होते ते कळलं. एका बापाचा शब्द. तेवढ्यावर एका पाठीला पदर मिळाला होता. त्यांना सगळं माहीत होतं. काय घालायला लावतात, कशासाठी लावतात, सगळं. स्वतःची मुलगी तेवढी बाजूला काढून घेतली आणि मग जेवायला आले. माझा बाप मॅनेजरसमोर उभा राहिला असता, तर मॅनेजरनं त्याला मागच्या दारानं ये म्हटलं असतं. इतका हेवा मला आयुष्यात कधी वाटला नाही.

मी डाळीची हंडी घेऊन आले. तांब्याची, उकळती. दोन्ही हातांत फडकी. टेबलाला वळसा घालून जात होते, तेवढ्यात पाठीवर बोट लागलं.

"ही सुरगाठ आहे की निरगाठ, बघूया," मागून ढेकरवाला म्हणाला.

आणि त्यानं ओढली.

सुरगाठच होती. गोंडे छान लोंबावेत म्हणून मॅनेजरचा हुकूमच होता तसा. कांचळी सैल झाली. माझे दोन्ही हात हंडीला. सोडली तर उकळती डाळ माझ्या पायांवर. धरली तर अंगावरचं कापड सुटत चाललेलं. मी कोपर अंगाशी घट्ट दाबले. टेबलावर हशा पिकला. अपर्णाचे वडील हसले नाहीत. त्यांनी ताटात बघितलं आणि भात कालवला. मला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

मी पळाले नाही. पळाले असते तर सगळ्या हॉलसमोर उघडी पाठ घेऊन पळाले असते. मी हंडी त्यांच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठेवली, नारळाशेजारी. एका हातानं कांचळी छातीशी धरली. दुसऱ्या हातानं खुर्चीवरची शाल उचलली. अंगाभोवती घेतली. नीट, दोन्ही खांद्यांवरून.

"सुरगाठ होती," मी मराठीत म्हणाले. "काका, ही शाल मी घेतेय."

आयुष्यात पहिल्यांदा काका म्हटलं. ढेकरवाल्याचा हात हवेतच राहिला. अपर्णाच्या वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंडाकडं पाहिलं.

"तू... स्वयंपाक्याची?"

"हो. सतरंजीवरची."

मी काउंटरपाशी आले. अपर्णानं सगळं पाहिलं होतं. मला वाटलं, ही आता काहीतरी म्हणेल. म्हणाली. अगदी हळू, मराठीत.

"अगं, बाबांची शाल आहे ती. देऊन टाक ना. तमाशा कशाला?"

तमाशा कशाला. मला त्याचाही हेवा वाटला. अंग झाकलेल्या माणसाला असं म्हणता येतं.

घरी आईनं शालीकडं बघितलं. काय झालं ते ऐकून घेतलं. वडील दाराशी बसून होते. रात्रीची भाकरी थापता थापता आई म्हणाली, "घेतलीस न्हवं अंगावर? मग उतरू नगंस."

दुसऱ्या दिवशी मी वेळेवर गेले. साधं पातळ आणि वर शाल. अंगणात आम्ही चौघी उभ्या. केसरबाईनं आपली घरची ओढणी डोक्यावर घेतली होती, बगरूची, ठशांची. माझ्याकडं बघून तिनं नुसता तिचा काठ कानामागं खोचला.

मॅनेजर आला. "दीवार की तरफ मुँह."

सुगना वळली. नुकतं घर मांडलेलं, पाय अजून बरा नव्हता. तिच्या नोकरीवर घर चालत होतं. आमच्यातली चौथीही वळली. केसरबाई वळली नाही. मी वळले नाही.

"पीठ नहीं दिखाऊँगी," मी म्हणाले. "मुँह देखो और बात करो."

"शॉल रखो और निकलो. साहब ने वापस मँगवाई है."

"चार ओढ़नी रखो, शॉल ले जाओ."

"चोरी की रपट लिखवाऊँगा."

"लिखवाओ. ये भी लिखवाना कि शॉल क्यों ओढ़ी."

त्यानं खिशातलं पेन काढलं. सवयीनं. मग परत खिशात ठेवलं.

तेवढ्यात अपर्णा चहाला आली आणि दारात थांबली. इतके दिवस मी तिच्या चपला ऐकल्या होत्या. त्या दिवशी समोरून बघितलं. तिचा हात आपोआप खांद्यावरच्या पिनेवर गेला.

मला त्याच दुपारी काढून टाकलं. केसरबाईची भाकरी पाहुण्यांना लागायची, म्हणून तिला ठेवलं. ओढणीसकट ठेवावं लागलं.

लोक विचारतात, हेवा गेला का. नाही गेला. जाऊ देणार नाही. तो गेला तर मी घरी बसेन आणि म्हणेन, नशीब. अपर्णाला जे बापाच्या एका शब्दावर मिळालं, ते सुगनाला कुणाच्याही बापाला न विचारता मिळालं पाहिजे. ते मिळेपर्यंत शाल माझ्याकडं राहील.

काढून टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला मी हॉटेलच्या फाटकासमोर रस्त्यावर जाऊन उभी राहिले. शाल अंगावर घेऊन. आत जाणारा प्रत्येक जण विचारायचा, ही कोण, इथं का उभी आहे. मी सांगायचे. हिंदीत विचारलं तर हिंदीत, इंग्रजीत विचारलं तर इंग्रजीत.

मराठीत विचारलं तर जरा जास्त मोठ्यानं. आणि तोंड फाटकाकडे करून.