आत्याचं दाण्यांचं कार्ड

नांदुऱ्याच्या बाजारात मक्याचे ढीग पडले होते, लिलावाची बोली चढत होती आणि माझ्या खिशातला फोन वाजत होता. मी एका अडत दुकानावर हिशेब लिहितो. बोली चालू असताना फोन घ्यायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. पुन्हा पुन्हा वाजला तेव्हा बाजूला झालो. संगीता, माझी बायको, एवढंच म्हणाली, "आत्याबाई गेल्या... तुम्ही या." मी हो म्हणालो आणि परत येऊन त्या ढिगाचा भाव लिहून पूर्ण केला. हात थांबला नाही याचं तेव्हा मलाच नवल वाटलं. आता काही आठवडे गेल्यावर वाटतं, त्यात नवल कसलं? आत्याच्या बाबतीत मी कायम हेच केलं होतं... आधी बाकीचं उरकलं.

गयाआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लहानपणी देवीच्या साथीत तिचे दोन्ही डोळे गेले. पापण्या मिटल्या त्या कायमच्या. लग्न झालं नाही. भावाकडे राहिली आणि वडील गेल्यावर माझ्याकडे आली असं लोक म्हणतात, पण खरं तर मीच तिच्याकडे राहिलो. आई मजुरीला जायची तेव्हा मला या बाईनं वाढवलं. घरात तिला काठी लागत नसे. कापसाच्या दिवसांत ओळीच्या टोकाला नेऊन उभं केलं की बोंडं चाचपत चाचपत ती ओळ संपवायची. मक्याची कणसं सोलायला तर शेजारचेही तिच्यापुढे आणून टाकत. भाकरीचं पीठ मळणं हे म्हातारपणीही तिचंच काम. संगीतानं परातीला हात लावला की म्हणायची, "सरक व माय. तुयं पीठ लय आळशी असते." मग दोघी हसायच्या.

अशा कामांनी तिच्या बोटांचे ठसे झिजून गेले होते. ते आम्हाला कळलं आयुष्मान कार्ड काढायला नांदुऱ्याच्या केंद्रावर गेलो तेव्हा. गरीब घरांतल्यांना दवाखान्यात दाखल होऊन फुकट उपचार मिळावेत म्हणून सरकारनं काढलेलं हे कार्ड. आमच्या घराचं नाव यादीत होतं. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. मशीनवर एकेक बोट ठेवून झालं, ओल्या फडक्यानं पुसून झालं, मशीन काही घेईना. केंद्रवाला म्हणाला, "चेहऱ्यानं करून पाहू. आजी, मोबाइलकडं तोंड करा अन् डोळे मिचकवा."

"त्यांना दिसत नाही हो," मी म्हणालो.

"न दिसू द्या, मिचकवा फक्त. त्याशिवाय ते पुढंच जात नाही."

आत्या हसली. "त्याले सांग बापा, मी एकदा मिटले ते उघडलेच नाहीत!"

रांगेतले सगळे हसले. मी हसलो नाही. मला लाज वाटली. ती मशीनची वाटली, हसणाऱ्यांची वाटली, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावत आलो. आता लिहायलाच बसलो आहे तर लिहितो... मला आत्याची लाज वाटली. तिला बाहेर बाकावर बसवून मी परत आत गेलो, तेव्हा केंद्रवाल्यानं रस्ताही सांगितला. आधारला मोबाइल नंबर जोडून आणा, मग नंबरावर ओटीपी येईल, बोटं-डोळे काहीच लागणार नाही. म्हणजे आणखी एकदा तिला नांदुऱ्याला आणायचं, आणखी एका रांगेत उभं करायचं. बाहेर आलो तर तिनं माझ्या चालण्यावरूनच ओळखलं आणि विचारलं, "झालं न रे मिलिंद्या?"

"झालं," मी म्हणालो. "कार्ड येईल काही दिवसांत."

पुढच्या आठवड्यात जाऊ, असं मनात होतं. खोटं नव्हतं ते. मग सोयाबीन आलं, मग कापूस, मग मका. बाजारात हंगाम संपला असा दिवस नसतोच. आत्या मात्र रोज संध्याकाळी मी चपला काढतो न काढतो तोच विचारायची, "आलं का रे?" शेवटी एक दिवस मी कपाटातलं माझं मुदत संपलेलं एटीएम कार्ड काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि त्यावरच्या उठावदार अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिली. संगीतानं स्वयंपाकघरात बोलावून मला झापलं. "काऊन फसवून राह्यले तुम्ही त्याईले?" मी म्हणालो, "खरं काढून आणतोच ना, मग बदलून टाकू."

आत्या ते कार्ड कमरेच्या पिशवीत ठेवायची. कुणी आजाराचं बोलू लागलं की म्हणायची, "मले फिकर नाही. माहं कार्ड हाय." अशीच एकदा शेजारच्या म्हातारीचं कार्ड तिच्या हाती आलं असावं. संध्याकाळी मला म्हणाली, "मिलिंद्या, तिचं तर गुळगुळीत हाय. माह्या कार्डाले हे दाणे कायचे रे?"

मी जेवत होतो. घास गिळला आणि म्हणालो, "आंधळ्या माणसांसाठी वेगळं असतं. हाताला लागावं म्हणून."

तिनं कार्डावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाली, "भलता विचार केला बापा सरकारनं आंधळ्याचा." आणि पाणी मागितलं.

पुढे तिनं ठेचा सोडला. भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली. विचारलं तर म्हणे, आता तिखट सोसत नाही, वय झालं. मी मान डोलावली आणि बाजाराला गेलो.

खरं कार्ड निघालं ते गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईंच्या मागे लागण्यानं. एका रविवारी त्या स्वतःच म्हणाल्या, "दादा, नंबर जोडून घ्या, बाकी मी करते." नंबर जोडायला नांदुऱ्याची एक चक्कर लागली. नंतर घरीच, ओसरीवर बसून, चहा निवायच्या आत कार्डाचं काम झालं. त्या चहाची चव माझ्या जिभेवरून अजून गेलेली नाही. छापून आणलेलं कार्ड आत्याच्या हातात दिलं. तिनं पुढून-मागून अंगठा फिरवला.

"हे गुळगुळीत हाय."

"हो... आता सगळ्यांना सारखंच निघालंय," मी म्हणालो.

"मंग आता सांगाले हरकत नाही," ती म्हणाली. "तोंडात जखम हाय मले. बरी होऊन नाही राह्यली." आणि उजेडाकडे तोंड करून तिनं ते उघडलं... उजेड कुठे आहे हे तिला अंगावरच्या उन्हावरून कळायचं. मी पाहिलं. एकदाच पाहिलं.

कार्डानं आपलं काम चोख केलं, हे मला लिहिलंच पाहिजे. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, ऑपरेशन ठरलं, आम्हाला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून आहे हे?" आत्या पटकन म्हणाली, "आत्ताच झालं जी. याले काहीच बोलू नका, यानं लगेच आणलं." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना जखमेचं वय कळत होतं. मला बाहेर नेऊन ते एवढंच म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी वॉर्डात आम्ही दोघंच होतो. नंतर तिला नीट बोलता येईल की नाही याची खात्री नव्हती. मी तिच्या पायाशी बसून म्हणालो, "आत्या, ते पहिलं कार्ड... ते..."

"कोणतं?"

"ते दाण्यांचं."

"ते व्हय!" ती म्हणाली. "ते बरं हाय. परात खरडाले लय कामी पडते. पिठाचा कण राहू देत नाही." मग माझा हात शोधत म्हणाली, "जाय, संगीताले फोन लाव. भाकरी खाल्ली का तिनं, इचार."

मी उठून फोन लावायला गेलो. माफी मागायची राहिली. तिनं मागू दिली नाही, असं म्हणून मला सुटता येईल. पण परत येऊनही मी बसलो होतोच की, आणि सलाइनच्या बाटलीकडे पाहत राहिलो. तिनं मात्र माझं खोटं उघडं पडू नये म्हणून कितीतरी दिवस तोंड मिटून जखम सोसली... दवाखान्यात न्या म्हटलं असतं तर पिशवीतून ते कार्ड काढावं लागलं असतं, आणि काउंटरवर चारचौघांत मला खाली पाहावं लागलं असतं.

ऑपरेशननंतर ती काही महिने घरी होती. बोलणं अस्पष्ट झालं, पण पीठ मळणं सुटलं नाही. ते कार्ड आताही आमच्या परातीतच असतं. संगीता भाकऱ्या झाल्या की त्यानंच कडेचं पीठ खरडते. परवा ती म्हणाली, "नवीन आणू का काही? हे झिजलं." मी नको म्हणालो आणि पहिल्यांदाच ते हातात घेऊन धुतलं. आत्या ज्या दाण्यांवरून अंगठा फिरवायची ते माझ्या नावाचे होते. घासून घासून धुतलं, तरी अक्षरांच्या खाचांत थोडं पीठ उरलंच. तसंच परातीत ठेवून दिलं.