पत्रकांच्या पाठीवरची आई

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, मुलांजवळ नाही. माझ्या धाकट्या बहिणीजवळ, शालनजवळही नाही — आणि शालनला तर सगळं ठाऊकच होतं. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यासमोर तोंड उघडतेय. मधेच भरकटले तर समजून घ्या, बोलते तसंच लिहिते मी. सातवीपर्यंतची शाळा, पुढचं सगळं वाचून वाचून आलेलं.

कुठून धरू? सिनेमापासून धरते. ते सोपं आहे.

माझी नात मुक्ता चित्रं काढते. तिला ती हलणारी, जपानी चित्रं फार आवडतात. मला नाही. म्हणजे — नव्हती आवडत. टपोरे डोळे, ठिपक्याएवढं नाक, वाऱ्यावर उडणारे निळे-हिरवे केस. तिनं लावलं की मी आतल्या खोलीतून ओरडायची, ‘अगं, माणसं संपली का जगातली, म्हणून चित्रं बघतेस?’ तिनं त्याचंच शिक्षण घ्यायचं म्हटलं तेव्हा सगळ्यात मोठ्या आवाजात नाही म्हणणारी मीच. तिचा बाप तयार होता, आई तयार होती. मी अडून बसले. चित्रं हलवायची, हा काय धंदा झाला? पोरखेळ सगळा! दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तिला वाटायचं आजी जुन्या वळणाची. सगळ्यांनाच वाटायचं. तसं वाटू देणं किती सोयीचं असतं, नाही?

मागच्या दिवाळीनंतर एका दुपारी ती आली आणि म्हणाली, ‘आजी, हा एकच बघ. जगभर नावाजलाय. वीस मिनिटं बस. नाही आवडला तर तुझी ती रडकी मालिका लावून देते.’

‘मालिकेतल्या निदान खऱ्या बायका रडतात,’ मी म्हटलं. तरी बसले. लसणीच्या पाकळ्या सोलायच्या होत्या, म्हटलं हाताला काम आहे.

समुद्राकाठचं गाव होतं. एक मुलगी, तिची आई, आणि कामावर गेलेला बाप. पहिली पाच मिनिटं मी नावं ठेवली. मग किटलीतून वाफ निघाली. वाफ, हो! ती जरा डावीकडे झुकली, कारण खिडकी उघडी होती. मी लसूण खाली ठेवली. कुणीतरी बसून, वारा कुठून येतो याचा विचार करून, वाफ काढली होती. मग ती मुलगी चप्पल घालताना एका पायावर डगमगली. मला हसू आलं. मुक्तानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर पडद्याकडे वळवली, शहाणी आहे.

आणि मग तिची आई पीठ मळायला बसली. दोन्ही हात पिठात. केसांची बट कपाळावर आली. तिनं हात न लावता मनगटानं ती मागे सारली, वर पाहिलं, आणि हसली. एवढंच. दोन क्षणांचं काम.

मी म्हटलं, ‘मागे घे.’

तिनं घेतलं.

‘परत घे.’

तीनदा बघितलं. मुक्ता म्हणाली, ‘आवडलं ना? हे सगळं हातानं काढलंय, आजी. एकेका हालचालीला कितीतरी कागद लागतात.’

मला ठाऊक होतं. किती कागद लागतात ते मला तिच्या बापाच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं.

आता सांगते.

आम्ही लालबागच्या चाळीत राहायचो. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. गाव मालवणकडचं. आई तापानं गेली तेव्हा मी पंधराची, शालन अकराची. आईचा एकही फोटो नव्हता. फोटो काढायला तेव्हा कोण जात होतं? लग्नाबिग्नात निघायचा, आणि आई लग्नात नेहमी चुलीपाशी.

दोन वर्षांनी मुंबई पेटली. मुंबई महाराष्ट्राला मिळालीच पाहिजे म्हणून सभा, मोर्चे, संप. आमच्या मजल्यावर प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी त्यात. बाबा तर पुरते बुडालेले. पत्रकं छापून यायची — गुलाबी, पातळ कागद, एका बाजूला मजकूर, पाठ कोरी. पुरुषांच्या पिशव्या पोलीस तपासायचे, बायकांच्या भाजीत हात घालायचे नाहीत. म्हणून पत्रकं वाटायची आम्ही मुलींनी. पिशवीत खाली गठ्ठा, वर मेथीच्या दोन जुड्या. नळावर, दळणाच्या गिरणीत, बायका सुटायच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी. मी पहिले दोन-तीन गठ्ठे वाटले. खरंच वाटले हो, ते खोटं नाही. बाबा चाळभर सांगत फिरायचे, ‘माझां थोरलां चेडू वाघीण आसा!’

मग आमच्या बाजूला गोळीबार झाला. दुसऱ्या दिवशी मी पिशवी घेऊन निघाले, तर नाक्यावर रस्त्याच्या मधोमध एक चप्पल पडली होती. एकच. अंगठा तुटलेली. तिच्यापलीकडे पोलिसांची गाडी. मला पुढे पाऊल टाकवेना. वळले, घरी आले, मेथी निवडून ठेवली आणि गठ्ठा माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेमागे सरकवला. संध्याकाळी बाबांनी विचारलं, ‘वाटलंस?’

‘वाटले.’

त्यात काय, म्हणाल. सतरा वर्षांची पोर घाबरली. पण पुढचा गठ्ठा आला तोही मी ट्रंकेमागे टाकला. त्याच्या पुढचाही. आणि रोज संध्याकाळी ‘वाटले’.

ते शालनला सापडले. तिला कागदाचं फार वेड. वहीच्या कोपऱ्यावर ती पानोपानी माणूस काढायची आणि अंगठ्यानं पानं सोडली की तो माणूस चालायचा. गणपतीत हलते देखावे बघून तिच्या डोक्यात शिरलं होतं ते. ती माळ्यावरून गठ्ठा घेऊन उतरली आणि म्हणाली, ‘ताई, हे कुणाचं गं?’

मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, ‘रद्दी आहे. घे तुला.’

मीच दिले. हे लक्षात ठेवा. मला ते नकोच होते. तिनं त्यांवर काही काढलं की ती पत्रकं उरणार नव्हती — असंच काहीतरी माझ्या मनात होतं.

तिनं आई काढली.

गॅलरीच्या खिडकीच्या काचेवर कागद धरायची, खालच्या चित्रावरून वरचं गिरवायची, केसभर हलवायची. बाबांची खुणा करायची निळी पेन्सिल होती, तिचं थोटूक. आई भाकरी थापतेय. हात पिठाचे. बट पुढे येते. मनगटानं मागे सारते. वर बघते. हसते. तिला नेमकं आठवेना म्हणून मला शेगडीपाशी बसवायची, ‘कर ना ताई, आईसारखं कर. डाव्या मनगटानं की उजव्या?’ मी म्हटलं, डाव्या. मी करायची, ती काढायची. किती दिवस चाललं होतं ते! बाबा गिरणीत, आणि आम्ही दोघी आईला हलवतोय.

शेवटी तिनं सगळे कागद दाभणानं एका कडेला शिवले आणि माझ्या हातात दिले. मी अंगठ्यानं पानं सोडली. आणि आई होती. कागद पातळ, त्यामुळे पाठीमागचा मजकूर उलटा उमटायचा, आईच्या पदरावर उलटी अक्षरं पळत होती. पण तिनं बट सारली आणि माझ्याकडे बघून हसली. आम्ही दोघी रडलो. मग परत बघितलं. मग परत. हे मी पाहिलंय, एवढं ध्यानात असू द्या. पुढच्यासाठी ते लागेल.

एका रविवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या सावंतमामी बाबांना गॅलरीतच म्हणाल्या, ‘काय ओ भाऊ, तुमची वाघीण आमका इसारली काय? आमच्या नळार एक कागद इलो नाय!’ थट्टेनंच म्हणाल्या. बाबा हसले. पण आत येऊन काहीतरी काढायला माळ्यावर चढले, आणि उतरले तेव्हा त्यांच्या हातात तो शिवलेला गठ्ठा होता. एका बाजूला मुंबईसाठीची हाक, दुसऱ्या बाजूला पेन्सिलीची बाई.

‘ह्यां कोणी केलां?’

शालननं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. ती सांगेल असं मला वाटलं, आणि तिनं सांगायच्या आत मी बोलले. म्हटलं, ‘नळावर वाटायचे राहिले होते, बाबा. मी माळ्यावर जपून ठेवले होते. शालननं घेतलेले दिसतायत.’

इतकं स्पष्ट, इतकं नीट वाक्य. न अडखळता. आज लिहिताना अडखळतेय, तेव्हा नाही.

बाबा तिला म्हणाले, ‘लोका गोळी खातत, आणि तू चित्रां काढतस?’ हात नाही उगारला त्यांनी. आवाजही चढवला नाही. रविवार होता, नहाणं चालू होतं, मोरीशेजारी बंब पेटलेला. त्यांनी दोरा तोडला आणि एकेक कागद आत सोडायला लागले. एकेक. आणि एकेका कागदावर काय दिसणार हो? हात कपाळाकडे नेलेली कुणीतरी बाई. ती आई आहे हे एका कागदावर कळत नाही. सगळे मिळून सोडले तरच आई होते. बाबांना ते ठाऊक नव्हतं.

मला ठाऊक होतं. ‘बाबा, जाळायच्या आधी एकदा अंगठ्यानं सोडून बघा’ — एवढंच म्हणायचं होतं. माझं खोटंसुद्धा उघडं पडलं नसतं त्यानं. त्यांनी आपली बायको पाहिली असती. पण मला वाटलं, ते बघतील, मग रडतील, मग विचारतील, एवढे दिवस कागद इथे होते तर तू वाटलेस काय? म्हणून मी गप्प राहिले. पहिला कागद गेला तेव्हा, दहावा गेला तेव्हा, शेवटचा गेला तेव्हाही.

मग त्या बंबाच्या पाण्यानं मी न्हाले. केसांवरून. नंबर माझा होता.

शालननं मला एका शब्दानं बोल लावला नाही. दुपारी भांडी घासताना एवढंच म्हणाली, ‘तुला आठवते ना आई? डोळ्यांसमोर येते ना? मग झालं.’ मी म्हटलं, हो, येते. त्यानंतर तिनं पेन्सिल हातात धरलेली मी पाहिली नाही. चित्रकलेच्या बाईंनी बाबांना बोलावून घेतलं होतं, मुलीला पुढे शिकवा म्हणून. बाबा म्हणाले, पुरे झाली चित्रं. मी तिथे उभी होते.

महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीनं पूजा घातली. माझं लग्न होऊन मी नायगावला गेले होते. बाबांनी मुद्दाम बोलावून घेतलं आणि पत्रकं वाटणारी पोर म्हणून बायकांनी खणानारळानं माझी ओटी भरली. हळदीकुंकवाचं तबक धरून शालन उभी होती. मी पदर पसरला. त्यानंतर वर्षानुवर्षं मी मुलांना, नातवंडांना मेथीच्या जुड्यांची गोष्ट सांगितली. मुक्तानं शाळेत त्यावर निबंध लिहिला, तिला बक्षीस मिळालं. शालन कधी घरात असली तर गोष्ट संपेपर्यंत खाली मान घालून ऐकायची, आणि मग चहा ठेवायला उठायची.

बाबा गेले, मला वाघीण समजूनच गेले. शालन अँटॉप हिलच्या क्वार्टरमध्ये संसार करून, दोन मुलं वाढवून, दोन वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या आजारात मी रोज जायची तिच्याकडे. रोज ठरवून जायची, आज बोलू. ती औषधाचं, सुनेचं, लिफ्टचं बोलायची, मीही तेच बोलायची. आणि जिनं हलणारी चित्रं काढायचं म्हटलं, त्या दुसऱ्या मुलीच्याही मी आडवी आले. मुक्ताला वाटतं, आजीला चित्रांतलं काही कळत नाही.

त्या दुपारी सिनेमा संपला तेव्हा मी तिला म्हटलं, छान आहे हो तुझा जपानी. आता जा शिकायला. तिनं मला मिठी मारली. तेव्हाही काही सांगितलं नाही.

हा सिनेमा मी आता पुष्कळदा बघते. दुपारी, एकटी. तेवढाच तुकडा. कारण शालनला मी ‘येते’ म्हटलं होतं ना डोळ्यांसमोर — ते काही खरं राहिलेलं नाही. आईचा चेहरा जाऊन फार वर्षं झाली. डोळे मिटले की त्या समुद्राकाठच्या गावातली बाई येते, पिठाचे हात घेऊन, आणि माझ्याकडे बघून हसते. ती उजव्या मनगटानं बट सारते. आई डाव्या मनगटानं सारायची. माझ्यापाशी आता तेवढंच उरलंय, डावं.