ट्रान्सफॉर्मरला लावलेला कूलर

मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या इस्पितळाची वीज गेली, जनरेटर सुरू झाला आणि त्याची वीज वॉर्डांत पोचवणारा ट्रान्सफॉर्मर जळाला.

डायलिसिसची यंत्रं थांबली. नर्सांनी यंत्रांची चक्रं हाताने फिरवून रुग्णांचं रक्त परत त्यांच्या अंगात सोडलं. कोणी दगावलं नाही. तरीही इस्पितळातले वीजवाले भाऊ त्या दिवसापासून निम्मे झाले.

यंत्रांशी बोलणारा असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. भाऊ रोज सकाळी ट्रान्सफॉर्मरच्या जाळीपाशी उभे राहून विचारायचे, "काय गा, बरा आहेस न?" हा ट्रान्सफॉर्मर बिनतेलाचा, सुका. वीज जाईपर्यंत नुसता उभा असायचा. आदल्या उन्हाळ्यात तो ऐन वेळी तापून बंद पडला होता, आणि ते भाऊंच्या मनाला लागलं होतं.

म्हणून नवा उन्हाळा लागताच ते इस्पितळातल्या माझ्या वाचनालयात आले. "मॅडम, तुमचा कूलर द्या न. पुस्तकायले काही घाम येत नाही."

"आणि मला?"

"तुम्ही वाचत बसल्या का तुमाले कायचं भान राह्यते?"

मी हसून दिला. भाऊंनी त्याला वाळ्याची नवी ताटी बसवली. ट्रान्सफॉर्मरची खोली देवघरासारखी दरवळू लागली.

चौकशीला आलेल्या इंजिनिअरने सांगितलं, की उभ्या, थंड ट्रान्सफॉर्मरवर धूळ होती, तिच्यावर कूलरची ओल बसली. जनरेटरची वीज येताच त्या ओलीतून ठिणगी गेली. रिकामा असताना त्याला गारवा नव्हे, ऊब लागते. कूलर माझा होता, हे मी तिथेच सांगितलं. कुणी मनावर घेतलं नाही.

"तुम्ही देल्ला, मॅडम. लावला तं मीच," भाऊ म्हणाले. मग हळूच, "मायाच केली होती न. तेच बाधली त्याले."

पुढे डायलिसिसच्या दिवशी ते कामठीहून येणाऱ्या एका मावशींसमोर हात जोडून उभे राहायचे. एकदा त्या वैतागल्या. "काहून गा, किती माफी मागून राहिला? आलं न रक्त परत माह्या अंगात! जा, चहा आण."

भाऊंनी नर्सला विचारून अर्धा कप आणला. पुढच्या खेपेला पुन्हा हात जोडले.

थंडीत भाऊ गेले. मावशींनी मला विचारलं, "तो माफीवाला काहून नाही येऊन राहिला वं?" मी सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

नव्या ट्रान्सफॉर्मरच्या खोलीत आता हीटर आहे. कूलर वाचनालयात परत आला आहे, ताटी भाऊंनी बसवलेलीच. पुन्हा मे आला आहे. मी कूलर लावत नाही.