लोधीखेड्याच्या विहिरीवर चढलेलं इंजिन

सौंसरचा गुणवंता मिस्त्री नुसता आवाज ऐकून सांगतो की व्हॉल्व्ह जळलाय, आणि इंजिन खोललं की व्हॉल्व्ह जळलेलाच निघतो. गावात त्याच्या शब्दाला मान आहे. पण अशा या माणसाने एक ग्वाही पस्तीस वर्षं न बघता दिली होती, आणि तीही दर दसऱ्याला, हातात झेंडूची माळ घेऊन!

गाडी रघुनाथरावांची. संत्र्याच्या व्यापारात हात चालत होता तेव्हा हौसेने नागपूरहून आणलेली दोन सीटची उघडी विलायती मोटार, एम.जी., अठ्ठावन्न सालची. सौंसरच्या धुळीत उघडी गाडी घेणाऱ्या माणसाला काय म्हणावं? पण त्यांचा जीव होता तिच्यावर. दसऱ्याला गुणवंता इंजिनावर हिरव्या ऑइलपेंटचा नवा हात मारी, हळद-कुंकू लावी. मग रघुनाथराव विचारत, "इंजिन असलीच हाय ना रे?"

"बिलकुल, काकाजी."

खरं तर त्याला माहीतच नव्हतं. एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात रघुनाथराव बायकोच्या ऑपरेशनसाठी चार महिने मुंबईला होते. गाडी पांढुर्ण्याला रामाजी उस्तादांच्या गॅरेजात ठेवलेली, गुणवंता तिथेच कामाला. त्याच वेळी लोधीखेड्याला उस्तादांच्या मेहुण्याची विहिरीवरची मोटर जळाली आणि संत्र्याची झाडं सुकायला लागली. उस्तादांनी मागचापुढचा विचार न करता एम.जी.चं इंजिन उतरवलं, विहिरीवर बसवलं, पंपाला पट्टा लावला. झाडं जगली. पावसाळ्यात इंजिन परत गाडीत बसलं, पण त्याच आठवड्यात गुणवंता टायफॉइडने बोरगावला आपल्या घरी पडून होता. गॅरेजात सत्तरनंतरच्या एका ॲम्बेसेडरचंही इंजिन होतं. दोन्ही एकाच घराण्यातली, शेजारी ठेवली तर जुळी वाटावीत. गाडीत त्यातलं कुठलं गेलं, हे उस्तादांना विचारायची गुणवंताची छाती झाली नाही. पुढे उस्तादच गेले.

आता नागपूरला जुन्या गाड्यांचा मेळा होता आणि रविवारी एक पारखी गाडी तपासायला येणार होता. दुसरं इंजिन निघालं तर जोडतोड केलेली गाडी म्हणून शिक्का बसणार. शुक्रवारी सकाळीच ब्याऐंशी वर्षांचे रघुनाथराव शेडमध्ये खुर्ची टाकून बसले.

"त्याच्या आधी तू पाहून सांग. तुह्या शब्दावर मी पुरी जिंदगी लोकांले सांगून राहिलो."

गुणवंताने रॉकेलचा बोळा घेतला आणि बोथट सुरीने रंग खरवडायला बसला. पस्तीस दसऱ्यांचे थर! हिरव्याखाली हिरवा, मध्येच लाल, कुठे रंगात चिकटून राहिलेलं कुंकू. आपल्याच भक्तीचा त्याला त्या दिवशी भयंकर राग आला.

अर्ध्या तासाने नंबराची पितळी पाटी उघडी पडली. आर.सी. बुकाशी आकडा न् आकडा जुळला. रघुनाथराव खुश झाले, "झालं ना!"

पण गुणवंताचा चेहरा उतरला. पाटीचा एक रिव्हेट जुना होता आणि दुसरा ॲल्युमिनियमचा, पांढुर्ण्याच्या बाजारातला. म्हणजे पाटी कधीतरी निघाली होती. पाटी या इंजिनावरून त्या इंजिनावर लावायला किती वेळ लागतो, हे त्याच्याहून चांगलं कोण जाणणार?

"पाटीवर भरोसा नाही, काकाजी. थांबा जरा."

इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे मुख्य बिडाचा ठोकळा, ओततानाच त्याच्या कुशीवर तारीख उमटते. ती कोणाला काढता येत नाही की चिकटवता येत नाही. ॲम्बेसेडरचा ब्लॉक असता तर साल सत्तरच्या पुढचं निघालं असतं. गुणवंता आडवा झाला, हात आत घातला. बोटांना आधी उठाव लागला, मग रंग सुटला, मग टॉर्चच्या उजेडात आकडे दिसले. तीन, नऊ, अठ्ठावन्न.

त्याने पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा मोठ्याने वाचलं. सप्टेंबरात ओतलेला ब्लॉक आणि आर.सी. बुकाप्रमाणे नोव्हेंबरात बनलेली गाडी! छातीवरचं ओझं असं उतरलं की तो गाडीखालीच पडून हसायला लागला. विहिरीवरून पाटी चोरीला जाऊ नये म्हणून उस्तादांनी ती काढून ठेवली असेल, एवढंच.

"असली हाय, काकाजी. तेच हाय."

"मंग हसतं कायले?"

आता गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. पण गुणवंता बाहेर आला, हात पुसले आणि मुंबईच्या त्या चार महिन्यांपासून सगळं सांगून टाकलं. विहीर, पट्टा, टायफॉइड. "मले माहीत नोहतं जी. तरीबी दरसाली बिलकुल म्हणत होतो. खरं निघालं म्हणून आज सांगून राहिलो."

रघुनाथराव खुर्चीतून पुढे वाकले. "अन् दुसरं निघालं असतं तं? सांगितलं असतं?"

गुणवंताने तोंड उघडलं. जिभेवर 'बिलकुल' आलंच होतं. त्याने ते गिळलं.

"माहीत नाही, काकाजी," तो म्हणाला.

म्हातारा मान हलवत उठला आणि त्याच्या खांद्यावर हात टेकून म्हणाला, "हा तुहा शब्द पक्का वाटला रे."