शाळा बंद करायला आलेल्या साहेबांचा सत्कार

आमच्या वस्तीने त्या दिवशी साहेबांना शाल दिली, नारळ दिला, गुलाबाचं फूल दिलं आणि जाताना शाळाही देऊन टाकली. हे मी रागाने म्हणते. राग अजून आहे, फक्त आता तो आवाज करत नाही.

शाळा म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. पहिली ते चौथी. मांजरी गावाच्या अलीकडे उसाचं रान संपतं आणि नव्या टॉवरांची कुंपणं सुरू होतात, त्या मधल्या पट्ट्यात आमची वस्ती आहे. निम्मी माणसं यवतमाळ-वाशीमकडची. आम्हीही तिकडचेच. आलो तेव्हा मी लहान होते आणि ताई मोठी, त्यामुळे तिच्या बोलण्यात वऱ्हाड राहिलं आणि माझ्यातलं याच शाळेतल्या बाईंनी काढून टाकलं. ताई आता टॉवरमध्ये घरकाम करते. मी एका संघटनेचं काम करते, म्हणजे पत्रकं लिहिते, वाटते, आणि लोक त्यात भेळ खातात ते बघते. ताईची मुलगी तेव्हा दुसरीत होती. याच शाळेत.

सरकारला खर्च कमी करायचा होता. खर्च कमी करायचा ठरला की सरकार आधी लहान मुलांकडे बघतं, कारण ती मोर्चा काढत नाहीत. पट कमी असलेल्या शाळा मोठ्या शाळेत मिसळायच्या, असं ठरलं. आमचा पट कमी होता. का कमी होता, हे कुणी विचारलं नाही. एक शिक्षक बदलून गेला त्याच्या जागी दुसरा आलाच नाही, मग ज्यांना जमलं त्यांनी मुलं काढून घेतली, आणि मग पट कमी झाला. म्हणजे आधी दिवा काढून घ्यायचा आणि मग म्हणायचं, इथे अंधार आहे, इथे कोण बसणार?

मोठी शाळा सोलापूर रस्त्याच्या पलीकडे. आमच्या शाळेत भाची स्वतःची स्वतः जायची, घराच्या मागेच होती. ताई उजाडताच कामाला जाते, भाऊजी टेम्पोवर, त्यांच्या येण्याजाण्याचा भरवसा नाही. ताईने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "शाळा गेली त पोरीले सासूकडं धाडीन. त्या रस्त्यावर एकटी नाही सोडाची मी." सासू गावी एकटी, डोळ्यांनी अधू. पोरगी तिथे शाळेत जाईल की म्हातारीची काठी होईल, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ताईलाही नव्हती.

आमच्या मुख्याध्यापक बाई पेठेतल्या. निवृत्तीला आलेल्या. मंडईपाशी बस पकडून यायच्या आणि उशिरा आलेल्या पोराला म्हणायच्या, "या, आपलीच वाट पाहत होतो. चहा सांगू?" त्यांनी आयांना पडवीत बोलावलं आणि सांगितलं, "अंतिम निर्णयाआधी साहेब येऊन जाणार आहेत. अडचण पाहायला. अडचण खरी वाटली तर शाळा राहील, नाहीतर निदान मुलांना न्यायला गाडी तरी मिळेल. तेव्हा अडचण नीट दाखवा. ती आपल्याकडे भरपूर आहे."

माझी योजना साधी होती. साहेब आले की त्यांना मुलांबरोबर पायी न्यायचं. वस्तीतून रस्त्यापर्यंत, मग ट्रकांमधून वाट काढत पलीकडे, मोठ्या शाळेच्या फाटकापर्यंत. भाषण नाही, निवेदन नाही. चालवायचं फक्त. आणि मुलं रोजच्या कपड्यात.

आयांचं ठरलं ते वेगळंच. पुढे माझी बहीण.

"साहेब आपल्या दारी येऊन रायले," ती म्हणाली, "आतापर्यंत कोनी आलं का? मंडप घालू, पोहे करू. मंडप गणपती मंडळाचा पडून हाय."

"ताई, ते अडचण बघायला येतायत, मुलगी बघायला नाही. कांदेपोहे कशाला?"

"तू गप वं. तुही पत्रकं वाचून तुले कोनी च्या तरी पाजला का आजपर्यंत?"

बाया हसल्या. मीही हसले असते, पण विषय माझा होता.

"बरं, मंडप घाला. मुलांना रोजच्या कपड्यात ठेवा, एवढंच म्हणते."

"म्हंजे त्या गणवेशात? बटन नाही, बाही उसवली. साहेबाले काय दाखवाचं, पाहा आमचे लेकरं कसे भिकाऱ्यावाणी हायेत?"

"भिकारी नाही. गरीब."

"दुरून पाहनाऱ्याले फरक दिसते का?"

मी बाईंकडे बघितलं. "बाई, तुम्ही तरी सांगा."

"माझं चौथीपर्यंतच चालतं गं," बाई म्हणाल्या. "पुढे कुणी ऐकत नाही. तू तरी कुठे ऐकलंस?"

मग वस्ती कामाला लागली. वर्गणी निघाली. गणवेशाला निघत नाही, सत्काराला निघाली. भिंती रंगवल्या. ज्या कोपऱ्यात पावसाळ्यात बादली ठेवावी लागते तिथे वर पताका आणि खाली रांगोळी. ओल धरलेल्या भिंतीवर 'सुस्वागतम्'चा फलक. शौचालयाचं तुटलेलं दार एका वडिलांनी रातोरात नवं बसवलं. हेच दार दुरुस्त व्हावं म्हणून मी कितीतरी अर्ज केले होते. मी म्हणाले, "दादा, राहू द्या ना, साहेबांना दिसू द्या." ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांना पाहुण्यासमोर उघडं व्हायला सांगत होते.

साहेब आले तेव्हा मुलगे शेरवानीत होते. लग्नात शिवलेल्या, आता आखूड झालेल्या, पण शेरवान्याच. मुली घागऱ्यात, केसांत गजरे. भाचीने जरीचं परकर-पोलकं घातलं होतं आणि ती कुणालाही जवळ येऊ देत नव्हती, चुरगळेल म्हणून. लेझीम झालं. औक्षण झालं. साहेबांना टॉवेल घातलेल्या खुर्चीत बसवलं.

साहेब वाईट नव्हते. पत्रकात साहेब नेहमी वाईट असतात, ते लिहायला सोपं जातं. हे मध्यम वयाचे, मऊ बोलणारे, उशीर झाला म्हणून माफी मागणारे होते. शाल अंगावर पडल्यावर ते खरोखर संकोचले. मुलांनी स्वागतगीत म्हटलं. मंडळाच्या अध्यक्षांनी भाषण केलं आणि ते संपवायचं विसरले. मग पोहे आले, वर ओलं खोबरं, लिंबाची फोड. मग चहा, बशीसकट.

मी तीनदा पुढे झाले. "साहेब, रस्ता बघायला पायी जायचं होतं."

"हो हो, बघू ना," साहेब म्हणायचे, आणि कुणीतरी त्यांच्या बशीत अजून पोहे वाढायचं.

शेवटी त्यांनी घड्याळ पाहिलं. पुढची भेट होती. उठताना ते मनापासून म्हणाले, "अहो, किती छान ठेवलीत तुम्ही मुलं! शाळाही किती सुंदर. इतका लोकसहभाग मी मोठमोठ्या शाळांतसुद्धा पाहिला नाही. पालक असे हवेत."

ताईने पदर तोंडाला लावला. ती इतकी खूश झालेली मी तिच्या लग्नातही पाहिली नव्हती.

मी गाडीपर्यंत धावले. "साहेब, रस्ता."

"मी त्याच बाजूने जातोय. जाताना पाहतो," ते म्हणाले, आणि त्यांनी पाहिलंही असेल. पण गाडी उड्डाणपुलावरून गेली. पुलावरून खालचा रस्ता दिसत नाही. त्यासाठीच तर पूल बांधतात.

निर्णय बाईंनी सांगितला, परिपाठानंतर, उभ्याउभ्याच. "शाळा पलीकडच्या शाळेत जाणार. गाडी मिळणार नाही. पालक सक्षम आहेत, असं साहेबांचं मत पडलं." मग आयांकडे न बघता, "अभिनंदन."

त्या संध्याकाळी मी ताईकडे गेले ती भांडायलाच. ती लसूण सोलत होती. भाची शेजारी बसून सालं गोळा करत होती.

"झालं समाधान?" मी म्हणाले. "अडचण बघायला आलेल्या माणसाला अडचण सोडून सगळं दाखवलंत."

तिने पुढची पाकळी घेतली. मी बोलत सुटले. हक्क काय, भीक काय, सरकार कसं आपल्याच पैशाने आपल्याला गुंडाळतं. पत्रकाच्या दोन्ही बाजू भरतील इतकं बोलले.

मग ती म्हणाली, आवाज न चढवता, "तिकडं टॉवरमदी माही लिफ्ट अलग हाय. कप अलग हाय. थो खिडकीत ठेवते मॅडम, बाहेरून. मी रोज त्याइच्या दारी जातो, म्हाया दारी कोन येते? येक दिवस येक मानूस आला, म्हाया पोरीले पाहून छान म्हनला. अन् तू म्हनतं, मी तिले फाटकं घालून उभी कराले पाह्यजे होती. थो गाडी देईन म्हनून."

"गाडी मिळाली असती, ताई."

"असती," ती म्हणाली. "अन् पोरगी काय शिकली असती?"

याचं उत्तर आता माझ्याकडे आहे, पण ते अर्धंच आहे: गरिबाने गरीब दिसून दाखवावं, तरच त्याला द्यायचं, ही अट ज्याने घातली तो साहेबाच्याही वर बसलेला आहे, आणि त्याला आम्ही शाल दिली नाही की जाबही विचारला नाही. आम्ही दोघी बहिणी एकमेकींशी भांडत बसलो. त्याला तेवढंच हवं असतं.

"पोरीले पुढच्या हप्त्यात धाडते," ताई म्हणाली. "शेजारची जाऊन रायली गावाले, तिच्यासंगं."

"नको पाठवू."

"मंग तू नेशील? रोज?"

"नेईन," मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. भाचीने सालं खाली टाकली आणि माझ्याकडे बघितलं.

"दिवाळीलोक पाहू," ताई म्हणाली. म्हणजे दिवाळीपर्यंतची मुदत.

गाडीसाठी आम्ही पुन्हा अर्ज केला आणि कार्यालयात गेलो. यावेळी ताई कामावरूनच आली, मी सांगितलं म्हणून नव्हे, सुट्टीच मिळाली नाही म्हणून. साडी खोचलेली, काठ ओला. दारातल्या माणसाने मला "बोला मॅडम" म्हटलं आणि तिला म्हटलं, "नवीन का तुम्ही? झाडू मागच्या जिन्याखाली आहे."

मी तोंड उघडलं. ताईने माझा हात दाबला, आत गेली, समोरची खुर्ची ओढली आणि बसली. "मी पालक हाय," ती म्हणाली. "सक्षम."

अर्ज घेतला त्यांनी. विचार चालू आहे, असं सांगतात. अजून चालूच आहे.

आता सकाळी माझ्याबरोबर वस्तीतली बाकीचीही मुलं असतात. एकीची मुलगी नेते म्हटल्यावर बाकीच्यांनी विचारलंच नाही, पोरं आणून उभी केली. संघटनेच्या सकाळच्या बैठकांना मी नसते. सुरुवातीला सगळे समजून घेत होते, आता माझ्याशिवाय ठरवतात. सरकारने वाचवलेला खर्च नाहीसा होत नाही, हे मी आधी पत्रकात लिहायचे. आता तो रोज सकाळी माझा हात धरून चालतो आणि मध्येच म्हणतो, मावशी, बुटाची लेस.

सगळी नाहीत. चौथीतली एक मुलगी आलीच नाही. ती धाकट्या भावाला सांभाळते, आई पुढच्या वर्षी पाठवू म्हणते. रोज तिच्या दारावरून जाताना मी हाक मारते. ती दारात येते, भाऊ कडेवर, आणि आम्ही वळेपर्यंत बघत राहते.

भाचीला नवी शाळा आवडली आहे. तिथे नळाला पाणी आहे आणि एक बाई चित्रकलेच्या आहेत. रस्ता ओलांडताना ती माझा हात सोडते, तळवा ट्रककडे करून उभी राहते आणि ट्रक थांबतो. बाकीची मुलं तिच्यामागून जातात. ट्रकवाले हसतात, एखादा सलामही ठोकतो. मला ते आवडत नाही. इतक्या लहान मुलीला ट्रक थांबवता येतो, हे कौतुक नव्हे. मी तिला रोज सांगते, हात सोडायचा नाही. ती हो म्हणते आणि दुसऱ्या दिवशी सोडते.

दिवाळी होऊन गेली. ताईने गावाचं नाव काढलेलं नाही. मीही काढत नाही.