पुरःस्थ ग्रंथी आणि अकरा आवर्तने

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, मी साठीला टेकलेला असताना, माझ्या देहातील एका सुपारीएवढ्या ग्रंथीने माझे अग्रासन हिरावून घेण्याचा घाट घातला होता. त्या वर्षाची आठवण झाली की मला पूजेतही हसू फुटते, आणि मग देवाची क्षमा मागावी लागते.

सोलापुरातील एका कापड व्यापाऱ्याच्या घरी दर श्रावणात एका सोमवारी लघुरुद्र होत असे. घर परम शिवभक्त. घरात बायका कानडी बोलत आणि पुरुष मराठी. अकरा जणांनी ओळीने बसून रुद्राची प्रत्येकी अकरा आवर्तने म्हणायची आणि तोवर वर टांगलेल्या तांब्याच्या पात्रातून पिंडीवर पाण्याची धार अखंड चालू ठेवायची, असा तो विधी. धार चालू असताना ज्याने आसन सोडले त्याने पुन्हा स्नान करावे आणि आपली आवर्तने पहिल्यापासून म्हणावीत, हा त्या घराण्याचा नियम. शास्त्रापेक्षा कडक, पण तीन पिढ्या पाळलेला. सर्वांच्या पुढे बसून सूर धरण्याचा मान वीस वर्षे माझ्याकडे होता. माझ्या गुरूंनी आपल्या हाताने मला त्या पाटावर बसवले होते, म्हणून तो पाट मला कोणत्याही सिंहासनाहून मोठा वाटे.

पिंडीवर पडणाऱ्या त्या धारेचा नाद मी आयुष्यभर तल्लीन होऊन ऐकला. पण त्या श्रावणात तिसऱ्या आवर्तनापासूनच तो नाद माझ्या कानांतून थेट ओटीपोटात उतरू लागला. पाचव्याला मी मांडी बदलली. सहाव्याला माझा सूर उगाचच वर चढला आणि मागचे दहा जण निष्ठेने माझ्यामागोमाग चढले. सातव्याला मी उठलो. परसात गेल्यावर मात्र, इतका वेळ हाकाटी करणारी ती व्यथा एकाएकी मौनव्रत धरून बसली. बऱ्याच विनवण्यांनंतर चार थेंब. मी स्नान करून परतलो, पहिल्यापासून आरंभ केला, आणि चौथ्या आवर्तनाला पुन्हा उठलो. असे तीनदा झाले. बाकीच्या दहा जणांची आवर्तने केव्हाच संपली होती. ते भिंतीला टेकून माझ्याकडे पाहत होते, आणि स्वयंपाकघरातून पुरणाचा वास येत होता. पाने वाढली गेली तेव्हा दिवेलागण होत आली होती.

यजमान सज्जन. निरोपाचे नारळ देताना त्यांनी खाली पाहून मला सांगितले की वयोमानाप्रमाणे असे व्हायचेच; पुढच्या वर्षी मी नुसते येऊन बसावे, सूर दुसरा कोणी धरील. मी म्हणालो की मी आषाढ संपण्यापूर्वी कळवतो.  

आता माझ्यासारख्या माणसाने काय करावे? मी विचार केला की ज्याचे उत्सर्जन नको, त्याचे सेवनच नको. दुष्काळाचे वर्ष नुकतेच मागे पडले होते. घागरीतले पाणी जपून वापरायची सवय सगळ्या गावाला लागली होती, ती मी पोटालाही लावली. शिवाय पापक्षालन म्हणून उपवास वाढवले. सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या, दोन्ही चतुर्थ्या, दोन्ही प्रदोष. महिन्यात जवळजवळ अर्धे दिवस मी उपोषित असे, आणि त्याचा सात्त्विक अभिमान माझ्या चेहऱ्यावर दिसत असे, असे पत्नी पुढे म्हणाली. व्यथा मात्र वाढत गेली. पाणी कमी म्हणून जळजळ, आणि रात्री चार-चारदा उठणे तसेच. दिवसा पायांत वहाणा घट्ट होऊ लागल्या, तेव्हा मी चर्मकाराला दोष दिला.

महाशिवरात्रीच्या पारण्यानंतर मला घेरी आली, आणि पत्नी मला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. हा डॉक्टर एके काळचा माझाच विद्यार्थी. शाळेत शब्दरूपे चुकली म्हणून मी त्याला तासभर बाकावर उभे केले होते. त्याने मला पाहताच उठून नमस्कार केला, लक्षणे विचारली, आणि मग अतिशय संकोचाने हातात रबरी मोजा चढवला.

“गुरुजी, डाव्या कुशीवर वळा. गुडघे पोटाशी घ्या.”

गुडघे पोटाशी येईनात, कारण मध्ये पोट होते. त्यापुढचे काही क्षण मी डोळे मिटून इष्टदेवतेचा धावा केला. तपासणी आटोपल्यावर त्याने साबणाने हात धुतले आणि पुन्हा माझ्या पायांवर डोके ठेवले. मी आशीर्वाद दिला. कशाबद्दल, ते आम्हा दोघांपैकी कोणीही उच्चारले नाही.

त्याने सांगितले की ही प्रोस्टेट ग्रंथी, जिला मराठीत पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. ती मूत्राशयाच्या तोंडाशी मार्गाला वेढून असते आणि उतारवयात वाढते. माझी वाढली होती, पण मऊ होती, कुठे कठीण गाठ लागली नव्हती, म्हणून तूर्त शस्त्राची घाई नव्हती. पुरःस्थ, म्हणजे पुढे उभी असलेली. वेशीवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवणारा जकातदार माझ्या डोळ्यांपुढे आला आणि व्याधीविषयी मला थोडा आदरच वाटला.

मग त्याने माझी छाती ऐकली, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहिला, मला काट्यावर उभे केले आणि काट्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. एक्याण्णव किलो. शेवटी त्याने माझ्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, ओल्या मातीत गाईचे पाऊल उमटावे तसा.

“खाणं काय असतं, गुरुजी?”

मी नम्रपणे सांगितले की महिन्यात बारा-तेरा उपवास घडतात. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच आदर उमटला. मग तो पत्नीकडे वळला आणि त्याने विचारले की उपवासाला काय असते.

“सकाळी साबुदाण्याची खिचडी, तुपातली,” ती शांतपणे म्हणाली. “दुपारी भगर, दाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, वर दही-साखर. चारला रताळ्याचा कीस. रात्री राजगिऱ्याचे लाडू आणि दूध, कारण दिवसभर उपास घडलेला असतो ना.”

“आणि जेवणाच्या दिवशी?”

“जेवणाच्या दिवशी कमीच जातं हो.”

डॉक्टर खिडकीतून बाहेर पाहू लागला. त्याचे खांदे हलत होते. मला प्रथम राग आला, मग आमटीतल्या शेंगदाण्यांचा ढीग आठवला, आणि मग मीच हसू लागलो. पत्नी हसली, बाहेर बसलेला कंपाउंडरही काही न कळता हसला. सात महिन्यांत मी असे हसलो नव्हतो.

हसू ओसरल्यावर त्याने जे समजावले, ते मी कोणत्याही प्रवचनासारखे लक्ष देऊन ऐकले. सगळा दोष ग्रंथीचा नव्हता. वजन वाढले होते, रक्तदाब चढला होता, रक्ताचे फिरणे मंदावले होते. दिवसभर मांडी घालून बसल्याने पाणी पायांत साचे. रात्री आडवे झाले की तेच पाणी रक्तात परते, आणि मूत्रपिंडे ते गाळून थेट त्या अडलेल्या वेशीशी आणून सोडत. पोटाचा भार मूत्राशयावर होता तो निराळाच. पाणी तोडून मी मूत्राशयाला अधिकच चिडवले होते.

“गुरुजी, ग्रंथी लहान होईल असं वचन मी देत नाही,” तो म्हणाला. “पण हृदयाला जे पथ्य, तेच हिलाही पथ्य. दोघांची घरं वेगळी असली तरी रक्त एकच आहे.”

मी त्याला आषाढाची मुदत सांगितली. त्याने महिने बोटांवर मोजले आणि म्हणाला, जमेल.

पथ्य ऐकायला सोपे होते. रक्तदाबाची एक गोळी, मिठावर बंधन, दिवसा नीट पाणी आणि सूर्यास्तानंतर अगदी बेताचे, चहा सकाळीच. लघवी झाली की घाईने न उठता थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. उपवास हवा तर ताक आणि एखादे फळ. एरवी मंगळवेढ्याच्या ज्वारीची एक भाकरी आणि पालेभाजी. पत्नीने साबुदाण्याचा डबा शेजारच्या घरी देऊन टाकला, आणि पहिल्या खऱ्या एकादशीला दुपारी तीन वाजता मला कळले की उपवास म्हणजे काय. साठ वर्षांत प्रथमच मला भूक लागली होती. मी तिला हे सांगितले, तेव्हा तिने देवापुढे साखर ठेवली. नंतर ती साखर मला न देता स्वतः खाल्ली.

दुपारी तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडायचे होते, म्हणजे पायांतले पाणी दिवसाच निघून जाईल. पण स्वयंपाकघर सोडले तर आमची खोली एकच. पूर्वेला देव्हारा, तिकडे पाय करता येईनात. उत्तरेला डोके ठेवायचे नाही. त्याच भिंतीला गुरूंची तसबीर, म्हणून तिकडे पायही नाहीत. पश्चिमेला पाय करावेत तर तिकडे दार, आणि येणाऱ्या प्रत्येकाला प्रथम माझ्या पावलांचे दर्शन घडे. दोन दिवस विचार करून मी ईशान्येकडे डोके आणि नैर्ऋत्येकडे पाय असा तिरका बिछाना घातला. खोलीतून चालायला जागा उरली नाही. पत्नी दुपारभर मला ओलांडू शकत नसे, म्हणून स्वयंपाकघरातच अडकून पडे आणि तिथून मला पथ्याच्या गोष्टी ऐकवी.

चालणे मात्र मला फार मानवले. पहाटे देवळाच्या तळ्याभोवती मी भराभर फेऱ्या घेऊ लागलो. धाप लागू नये म्हणून बोलत नसे. आठवड्याभरात पंचक्रोशीत झाले की शास्त्रीबुवांनी फेऱ्या घालताना मौन पाळण्याचा नवस केला आहे. फुलवाल्या बायका वाटेत वाकून नमस्कार करू लागल्या, आणि प्रत्येक नमस्काराला थांबावे लागल्याने डॉक्टरांचा चालण्याचा हेतूच बुडू लागला. एका म्हातारीने मला अडवून विचारले, “कशापाई एवढं करताय, म्हाराज? लई मोठं संकट हाय व्हय?” ग्रंथीचे नाव तिच्यापुढे कसे घेणार? मी म्हणालो, द्वारपालाची कृपा व्हावी म्हणून. तिने कपाळाला हात लावला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्यामागे तिघी जणी मुकाट्याने फेऱ्या घेऊ लागल्या. पुढे त्यांतल्या एकीची गुडघेदुखी थांबली, त्याचे श्रेय अर्थातच द्वारपालाला मिळाले.

आषाढात डॉक्टरने पुन्हा तपासले. काटा ऐंशीवर आला होता, नडगीवर खळगा पडेना, रक्तदाब शहाण्यासारखा वागू लागला होता. रात्री एकदाच उठावे लागे.

“ग्रंथी होती तेवढीच आहे, गुरुजी,” तो म्हणाला. “तुम्ही कमी झालात.”

मी त्याच दिवशी व्यापाऱ्याकडे निरोप पाठवला की सूर मीच धरीन. निरोप गेल्यावर मात्र मला त्यातला धोका उमगला. पुन्हा उठावे लागले असते तर तो पाट कायमचा गेला असता, आणि तो मागण्याचे तोंडही मला राहिले नसते.

श्रावणातल्या त्या सोमवारी सकाळी मी बेताचे पाणी प्यालो, परसात दोनदा जाऊन आलो आणि पाटावर बसलो. यजमानांनी माझ्याकडे पाहिले, मग परसाच्या दाराकडे पाहिले, आणि कोणी न सांगता वाटेतली एक घडवंची बाजूला सरकवली. धार सुरू झाली. तिसरे आवर्तन गेले. सहावे गेले. सातव्याला मागच्या दहा जणांचा श्वास अडखळलेला मला पाठीला कळला. ते गेले. नवव्याला ओटीपोटात एक हाक आली. मी तिला ऐकले, आणि थोडे थांब असे तिला सांगितले. खरोखर थांबली. त्या धारेचा नाद पुन्हा मला पूर्वीसारखा गोड लागू लागला, आणि माझा सूर इतका मोकळा झाला की मागच्या एका वृद्ध ब्राह्मणाने मधेच मान डोलावली. दहावे संपले. अकरावे मी मुद्दाम सावकाश म्हटले. घाई करणे म्हणजे द्वारपालाला भ्याल्याची कबुली देणे झाले असते.

शेवटचे अक्षर संपले, धार थांबवली गेली, आणि यजमान गहिवरून माझ्या पायांवर डोके ठेवायला वाकले. पण मी तोवर उठलो होतो. त्यांचे डोके रिकाम्या पाटावर टेकले. त्यांच्यामागे त्यांची पत्नी, मुले, सुना, आणि ओळीने उभे राहिलेले दहा ब्राह्मण, सगळे नमस्काराला वाकत होते, आणि मी दोन्ही हात उंचावून, उजवीकडे आणि डावीकडे आशीर्वाद देत, एकदाही न थांबता, परसाच्या दाराकडे वेगाने निघालो होतो.