चिंधी बांधलेलं फूल

देवपुरात पांझरेच्या काठी झेंडू लावणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. सगळे अक्का म्हणायचे, मीही म्हणायचो. वाफ्याच्या बांधावरच फुलांची पाटी घेऊन ती बसायची. प्रत्येक फूल उलटं करून, बूड दाबून बघायची आणि मगच विकायची. वाफ्यातल्या सगळ्यात मोठ्या पाच-सहा फुलांच्या देठांना मात्र तिनं लाल चिंध्या बांधलेल्या असत. दसऱ्याला गिऱ्हाईक तुटून पडलं तरी ती फुलं कुणाला मिळत नसत. झाडावरच वाळायची.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. झेंडूचं एक फूल म्हणजे असंख्य बारीक फुलांचा गुच्छ आणि त्या प्रत्येकाच्या बुडाशी एक बी, हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. त्या भरवशावर एका दसऱ्याला तोरणातलीच फुलं वाळवून कुंड्यांत पेरली. एकही रोप उगवलं नाही. उरलेलं बी अक्काकडे नेलं. तिनं नखानं चिरून पाहिलं. आत काहीच नव्हतं.

"गुरुजी, हाई बठ्ठं पोचं शे. फूल झाडवर सुकू द्या, तवय पोटमा बी भरस."

एवढं बोलून तिनं चिंधीचं एक वाळकं फूल माझ्या तळहातावर कुस्करलं. काळ्या, टणक, काड्यांसारख्या बियांनी तळहात भरला.

आता फळ्यावर झेंडू काढला, की देठाला लाल खडूनं चिंधीही काढतो.

"सर, हा फुलाचा कोणता भाग?" पोरं विचारतात.

"अक्काचा," मी सांगतो.